कच्च्या खेळाच्या खुणा

नाटक कंपनीत मी नऊ वर्षं पुस्तक धरलं. विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, एवढंच काम. कंपनीत मला सगळे पुस्तक्या म्हणत. हे काम नीट झालं तर कुणाला कळत नाही आणि चुकलं तर गावाला ऐकू जातं, त्यामुळे माझा जीव सदा टांगणीला लागलेला. पेन्सिल सुतळीने गळ्यात बांधलेली असायची, तरी दिवसातून दहा वेळा हात लावून बघायचो, आहे ना म्हणून. पानं मोजायचो. मोजून झाली की पुन्हा मोजायचो, कारण पहिल्यांदा मोजताना लक्ष नव्हतं असं वाटायचं.

लोकांना वाटतं, नाटक कंपनी म्हणजे चैन. मला तर आठवतो तो शिणवटा. पडदे गुंडाळायचे, ट्रंका स्टेशनावर न्यायच्या, नव्या गावी उतरून तेच पडदे पुन्हा उलगडायचे. आणि या सगळ्यात जास्त शीण कशाचा असेल तर तो कच्च्या खेळांचा.

कच्चा खेळ हा आमच्या कंपनीतला शब्द. मालक नवं नाटक एकदम पुण्यामुंबईला काढत नसत. आधी आडगावी तीन खेळ करायचे, तिकीट नाही, गावातल्या लोकांना नुसतं बोलावणं. रंगीत तालीम वेगळी, ती बंद दाराआड. कच्च्या खेळात समोर खरीखुरी माणसं बसत. बाहेरून बघणाऱ्याला त्यात आणि नेहमीच्या खेळात फरक दिसला नसता. तेच रंग, तेच दागिने, तीच पेटी नि तबला. आतून मात्र सगळं निराळं. पक्क्या खेळात पुस्तक लाल कापडात बांधलेलं, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला मालकांना खपत नसे. कच्च्या खेळात नाटक रोज बदलायचं. काल दुसऱ्या अंकात मेलेला राजा आज जिवंत. एकदा असं झालं की राजा सिंहासनावर बसलेला आणि जासूद कालच्या पाठांतराने धावत येऊन त्यालाच त्याच्या मरणाची बातमी सांगू लागला. राजा म्हणाला, "ऐकून वाईट वाटलं." लोक पोट धरून हसले. मालकांनी संध्याकाळी जासुदाला जेवण वाढू दिलं नाही.

दुसरा फरक माझ्यापुरता होता. कच्च्या खेळात विंगेत पुस्तक नसे. नटांचं पाठांतर कसाला लागावं म्हणून मालकांनी तसा नेम घातला होता. मी पुस्तक घेऊन समोर लोकांत बसायचो आणि पानाच्या कडेला खुणा करायचो. हशा आला की 'ह', टाळी पडली की 'ट', कुणी खोकलं तर 'ख', कुणी उठून गेलं तर 'उ'. संध्याकाळी मालक पान उलटत खुणा बघत. ज्या पानावर ख आणि उ यांची गर्दी त्या पानावर लाल रेघ. रेघ पडली की तो प्रवेश गेला, आणि त्या नटाकडून त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याची वाक्यं लिहिलेला कागद, परत आणायचं काम माझ्याकडे.

तिसरा फरक उजेडाचा. पक्का खेळ रात्री, ग्यासच्या बत्त्यांत. कच्चा खेळ भर दुपारी. फुकटच्या खेळाला बत्त्या जाळायच्या नाहीत असा हिशेब. हा फरक मी कधी मनावर घेतला नव्हता. मला वाटायचं, बरंच आहे, लिहायला दिसतं.

मी देवगडकडचा. मराठी तिसरीत होतो तेव्हा वडील होडीवरून परत आले नाहीत आणि शाळा सुटली. आईने एका नातेवाइकाच्या ओळखीने कंपनीत पाठवलं, पाणी भरायला. तिथून पुस्तकापर्यंत आलो तो बुवांच्या हातून. बुवा म्हणजे आमच्या कंपनीतले जुने नट. ऐन उमेदीत नायिकेची कामं करत, आणि म्हणतात की ते रडले की थेटर रडायचं. मी आलो तेव्हा त्यांचा आवाज फुटून चिरका झाला होता, पुढचे दोन दात गेले होते, आणि ते पुरोहित, पहारेकरी, भिल्ल सरदार असली चार ओळींची कामं करत. नकला पाठ करताना ते मला शेजारी बसवत आणि म्हणत, तू वाच, मी ऐकतो. मला वाटायचं, यांची नजर अधू आहे. मी जोडाक्षरं फोडायला शिकलो, कारकुनाचं गिचमिड अक्षर लावायला शिकलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की बुवांची नजर ठणठणीत आहे. मी त्यांना हे बोललो नाही. तेही कधी बोलले नाहीत.

तर त्या वर्षी नवं नाटक घेऊन आम्ही नंदुरबारला उतरलो. वैशाख लागत होता. कापसाचा हंगाम संपून सरकी काढायचे जिनिंगचे कारखाने बंद पडलेले, त्यातल्या एकाची पत्र्याची लांब शेड कोरीटकडच्या एका पाटलांनी आम्हांला दिली. कापसाचे तंतू अजून तुळयांना लोंबत होते. दुपारी पत्रा असा तापायचा की तोंडाचा रंग गळ्यावर यायचा. बायकांसाठी, मंचावरून बघता उजव्या हाताला, चिकाचा म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा लावलेला. पुरुष समोर जाजमावर. पाटील, त्यांचे सोयरे, पेठेतले व्यापारी, गावातली मुसलमान कारागीर मंडळी, खेड्यांतून बैलगाड्या जोडून आलेले शेतकरी.

त्यांची बोली मला लागत नसे. अहिराणी. कुणी काही विचारलं की मी हसायचो आणि मान हलवायचो. एका बाईने पाण्याचा तांब्या मागितला आणि मी मान हलवून हसलो, अशीही गोष्ट झाली. त्या लोकांनी कंपनीला अडीच आठवडे पोटभर जेवू घातलं आणि मी त्यांच्याशी धड चार वाक्यं बोललो नाही.

नव्या नाटकात बुवांना एकच प्रवेश होता. एका सरदाराची लेक सासरी निघते, बाप लढाईवर असतो, तेव्हा घरचा म्हातारा नोकर तिला गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवायला जातो. तो नोकर म्हणजे बुवा. नऊ वाक्यं, गाणं नाही. मालकांनी तालमीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं, हा प्रवेश लोकांनी धरला तर बुवा कंपनीत राहतील, नाही धरला तर नंदुरबारलाच त्यांना गाडीत बसवू. त्यात दुष्टावा नव्हता. कंपनीत माणसं फार झाली होती आणि बुवांच्या वयाला फिरती झेपत नव्हती. पण बुवांचं गाव साताऱ्याकडे, तिथे भाऊ, आणि त्या भावाकडे ते वीस वर्षांत गेले नव्हते. कंपनीतून निघाले तर ते कुठे जातील हे आम्हां कुणाला सांगता आलं नसतं.

पहिल्या कच्च्या खेळाला मी तिसऱ्या रांगेत बसलो. बुवांचा प्रवेश आला. नोकराने मुलीचं गाठोडं खाली ठेवलं आणि बोलायला लागला, तोच डावीकडे एक खोकला. मग मागे दुसरा. मग एक धिप्पाड शेतकरी उठला, धोतर सावरत दाराबाहेर गेला. त्याच्यामागे आणखी दोघे. मी लिहीत गेलो. ख. ख. उ. उ. उ. ख. पेन्सिल थांबेना. आपण कुणाच्या तरी पाठीवर वळ उठवतो आहोत असं वाटत होतं.

संध्याकाळी मालकांनी पान बघितलं आणि म्हणाले, उद्या बघू.

दुसऱ्या दुपारी वाईट. खोकल्यांची ओळच लागली, आठजण उठून गेले. मी सातच लिहिले. मग पुढचे दोन प्रवेश माझं कशातच लक्ष लागेना, मालकांनी मोजले असले तर, पाटलांनी सांगितलं तर. शेवटी पान मागे उलटलं आणि आठवा 'उ' घातला. बुवांनी ज्याला वाचायला शिकवलं त्यानेच तो घातला, ही गोष्ट मला अजून टोचते. पण खोटं लिहायचीही माझ्यात ताकद नव्हती.

मालकांनी लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "नक्कल घेऊन ये. परवाचा खेळ झाला की त्यांना गाडीत बसवू. नीट बसवू, जागा मिळवून."

बुवा शेडच्या मागे, सावलीत, नोकराचं पागोटं शिवत बसले होते. मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं, माझा रिकामा हात बघितला, आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेली नक्कल काढून माझ्या हातावर ठेवली. मला मागावी लागली नाही.

"नीट लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग झालं." सुईत दोरा ओवत ते म्हणाले, "मिरचीचं गाव आहे बाबा. खोकणारच."

पागोटं मात्र त्यांनी पुरं शिवलं. ते आता कुणाच्या डोक्यावर जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. त्या मुलखात आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, आणि पुरुष सावलीत पत्ते कुटतात. खेळ ठेवला नव्हता. पाटलांच्या घरून खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस आला. मांडे एवढाले की ताटात मावेनात. मला भाताची सवय, पण त्या दिवशी तीन खाल्ले आणि त्याचीच लाज वाटली, कारण बुवा अर्ध्यावर उठले होते.

शेडच्या दारात आमचे बत्तीवाले मिस्त्री बसत. ते गावातलेच, मुसलमान, लग्नकार्यांना ग्यासबत्त्या भाड्याने देत, आणि आमच्या रात्रीच्या जुन्या नाटकांच्या बत्त्या त्यांच्याकडे होत्या. कच्च्या खेळांत बत्त्या नसल्याने त्यांना काम नसे. दारात बसून जाळ्या बदलायच्या, काचा पुसायच्या, नि जाणाऱ्या येणाऱ्यांशी बोलायचं. मी जेवून हात धुवायला गेलो तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं की भाऊ, खेळ चालू असताना तुम्ही एवढं काय लिहिता. मी सांगितलं. ह म्हणजे हशा, ट म्हणजे टाळी, ख, उ. आणि बुवांचा प्रवेश खोकल्यांनी नि उठून जाणाऱ्यांनी गेला, तेही सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

मिस्त्रींनी काच खाली ठेवली. ते हसले असं वाटलं, पण हसले नव्हते.

"भाऊ, त्या बिडी पेवाले नई येतस बाहेर," ते म्हणाले. "डोळा पुसाले येतस. मी आठेच बठेल ऱ्हास, रोज देखस."

डोळे पुसायला बाहेर येतात, एवढा अर्थ मला लागला, पण पटकन विश्वास बसेना. मी विचारलं, मग खोकतात कशाला?

"मंग काय करतीन? दिवसना उजेडमा, गावना माणसेसना समोर, माणूस रडी का?"

मग त्यांनी एकेक माणूस सांगितला. तो धिप्पाड शेतकरी पहिल्या दिवशी बाहेर येऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, बैलाला काही झालं नव्हतं. एक व्यापारी उपरण्याने तोंड पुसून, घाम फार येतो म्हणून मिस्त्रींनाच सांगून गेला. मिस्त्रींची बायको चिकाआड बसत असे. ती म्हणाली होती की त्या प्रवेशाला आतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या, पोरं रडली तरी त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. चिकाआडचं मला काही दिसत नसे. तिकडची एकही खूण माझ्या पुस्तकात नव्हती.

मी तिथेच बसून राहिलो. इतक्या वर्षांत मी किती पानांवर ख लिहिले असतील. त्यातले किती खोकले होते?

मालकांकडे जायला मला दोन तास लागले. शेडला चार फेऱ्या घातल्या. जायचं तर सांगायचं काय, की तुमच्या खुणा चुकल्या. खुणा चुकल्या तर खुणा करणारा कशाला हवा. गावी आई होती, तिला मी महिन्याला पत्र लिहायचो की मी सुखात आहे आणि माझ्यावाचून मालकांचं पान हलत नाही.

मालक खाटेवर पडले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते उठून बसले.

"म्हणजे गेली एवढी वर्षं मी काय कापत बसलो?"

मग ते माझ्याकडे वळले.

"तुझी शाळा किती रे पुस्तक्या?"

"तिसरी."

"दिसतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "माझीही पाचवीच आहे म्हणा."

त्यांनी पाटलांकडे माणूस पाठवला आणि जिनिंगची रिकामी बारदानं मागवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही खिडक्या, झरोके, पत्र्याच्या फटी बारदानांनी बुजवत होतो. दुपारच्या खेळाला बत्त्या लावायच्या, फक्त रंगमंचावर. मिस्त्री म्हणाले, आत माणसं भाजून निघतील. मालक म्हणाले, निघू देत, पण अंधारात निघू देत.

मी नक्कल घेऊन बुवांकडे गेलो. त्यांनी ती घेतली, पण उघडली नाही.

"अरे, मी विसरायला लागलो होतो," ते म्हणाले. "मुद्दाम विसरत होतो. आता पुन्हा?" आणि मग जरा घाबरून, जे मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, "विंगेत तू असशील ना?"

मला समोर बसायचं होतं. कच्चा खेळ. तसं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मला जायला सांगितलं.

त्या दुपारी शेड गच्च भरली. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी अजून परतल्या नव्हत्या, चिकाआड बांगड्यांचा नुसता आवाज चालला होता. बारदानांना सरकीचा वास. दार लावलं तसा समोरचा माणूस दिसेनासा झाला. मालक माझ्यापासून दोन हात अंतरावर बसले. मी पुस्तक मांडीवर उघडलं तर पानच दिसेना. खुणा करायच्या कशा, असं मी मालकांना विचारणार होतो, पण नाही विचारलं.

बुवांचा प्रवेश आला. वेशीपाशी ते थांबले, गाठोडं खाली ठेवलं. पहिली चार वाक्यं बरोबर आली. पाचवं होतं, "सुखी राहा बाळ, या म्हाताऱ्याला विसरू नकोस." बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मुलीचं काम करणारा तरुण नट त्यांच्याकडे बघत उभा.

ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी विंगेत असतो तर श्वासाएवढ्या आवाजात पोहोचवलं असतं. इथून पोहोचवायचं तर ओरडायला लागलं असतं, आणि ओरडलो असतो तर प्रवेश तिथेच मेला असता, बुवांसकट. मी गळ्यातली पेन्सिल घट्ट धरली. किती वेळ गेला सांगता येत नाही. पेटीवाला पेटीवर हात ठेवून थांबला होता.

तेव्हा चिकाआडून एक आवाज आला. म्हातारीचा. मोठा नव्हता, आपल्याच घरच्या मुलीशी बोलावं तसा.

"जाय माय. मांगे वळीसन देखू नको."

कुणी हसलं नाही. बुवांनी चिकाकडे बघितलं. मग ते त्या मुलीकडे वळले आणि त्यांच्या त्या फुटक्या आवाजात म्हणाले, "जा माय. मागे वळून बघू नकोस." आणि स्वतःच पाठ फिरवून उभे राहिले. पुढची चार वाक्यं राहिली. तरुण नटाला काय करावं कळेना, त्याने गाठोडं उचललं आणि तो खरोखरच मागे न बघता निघून गेला.

खोकला आला नाही. कुणी उठलं नाही. माझ्या पुढे, मागे, शेजारी अंधारात माणसं नाक ओढत होती. कुठून तरी एक हुंदका आला, पुरुषाचा, आणि त्याला कुणी दाबलं नाही.

खेळ संपल्यावर मालकांनी पुस्तक मागितलं. त्या पानावर जुन्या खुणा होत्या, आजची एकही नव्हती.

"आजचं काहीच नाही?"

"माझ्याकडे त्याला खूण नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या पेन्सिलीनेच ते पाचवं वाक्य खोडलं, मला वाकायला लागलं, आणि म्हणाले, त्या बाईचं वाक्य लिही. खालची चार काढून टाक. बुवा राहिले.

मी धावत बाहेर गेलो. चिकाआडच्या बायका बाहेर पडल्या होत्या, सगळ्यांचे पदर कपाळावर ओढलेले, गाड्या जुंपल्या जात होत्या. कोणत्या म्हातारीला विचारायचं आणि कोणत्या बोलीत. मिस्त्रींच्या बायकोलाही नेमकं सांगता आलं नाही. गाड्या गेल्या. मी हात जोडून उभा राहिलो, ते कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

पुढे पुण्याला नाटक उघडलं. पुस्तक लाल कापडात गेलं आणि मी विंगेत. तीन वर्षं ते नाटक चाललं. बुवांचा प्रवेश गाजला. रोज ते गाठोडं ठेवत, चार वाक्यं बोलत, आणि त्या जागी थांबत. सुरुवातीला मला वाटायचं, ते ऐकतात. मान किंचित उजवीकडे, जिकडे चीक होता तिकडे. मग वाक्य म्हणत. पुढे पुढे तो थांबा ठरून गेला, मी विंगेत मनात आकडे मोजायचो आणि सातावर वाक्य यायचं. लोक रडत. बुवा रंग पुसत आणि म्हणत, आज पाय फार दुखले. पक्क्या खेळात कुणी विसरत नाही, कुणाला काही सुचत नाही, आणि मी, ज्याचा जीव सदा टांगणीला, त्यालाही त्या सातापर्यंत भीती वाटेनाशी झाली. तो कसला शीण म्हणायचा मला माहीत नाही. झोपून जात नसे.

तिसऱ्या वर्षी फिरत फिरत नंदुरबार आलं. तीच शेड, या वेळी रात्रीचा तिकिटाचा खेळ, मिस्त्रींच्याच बत्त्या. चिकाआड बायका दाटीने बसल्या होत्या. बुवांचा प्रवेश आला, ते चिकाकडे मान करून थांबले. मी मोजत होतो. सात झाले. आठ. नऊ. बारापर्यंत ते थांबले, पेटीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडलं. चिकाआडून काही आलं नाही. तिथली माणसं शांत बसून खेळ बघत होती, तिकीट काढून आलेली माणसं बघतात तशी. मग बुवांनी आपलं वाक्य म्हटलं.

सकाळी त्यांनी मालकांना सांगितलं की आता पुरे. भावाला पत्र टाकलंय. मालकांनी दोनदा राहा म्हटलं. बुवा म्हणाले, "काल मी पुरता थांबलो होतो. आता झालं."

त्यांची ट्रंक मी स्टेशनावर नेली. तीन वर्षांपूर्वी मी ज्या गाडीत त्यांना बसवणार होतो तीच दुपारची गाडी. डब्यात चढण्याआधी त्यांनी बंडीच्या खिशातून नक्कल काढून मला दिली, घडीवर फाटलेली, त्या म्हातारीचं वाक्य माझ्या अक्षरात. वाचायला शिकवल्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. मी ते आदल्या रात्रीपासून जुळवत होतो, पाठही केलं होतं. ऐन वेळी एक शब्द आठवेना.

गाडी हलली. बुवा दारात उभे होते, माझ्याकडे बघत.

"पेन्सिल आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी गळ्याला हात लावून बघितलं. होती.